विजयदुर्गचं हेलियम
विश्वास आणि विज्ञान : भाग ६

वर्णपटातल्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखण्याची रीत बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी १८५९-६० मध्ये कशी पक्की केली, ते गेल्या भागात पाहिलं. ते वाचून एक प्रश्न पडायला हवा. सूर्यावर हेलियम आहे हे आपण मान्य करतो, पण कशाच्या बळावर? वर्णपटमापक आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. पाठ्यपुस्तकात होतं, बाईंनी सांगितलं, परीक्षेत लिहिलं, गुण मिळाले. मग पोथीत लिहिलं आहे म्हणून मानणाऱ्यापेक्षा आपण वेगळे कसे? हा प्रश्न हल्ली बहुधा चिडवायला विचारतात. तरी तो फालतू नाही, आणि त्याचं उत्तर शोधायला हेलियमइतकी चांगली जागा नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात विजयदुर्ग किल्ला आहे. किल्ल्यावर काही ओटे दाखवतात. त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथून सूर्य न्याहाळला आणि हेलियमचा शोध लावला, अशी कथा सांगितली जाते. अलीकडे त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. कोकणातल्या एका गावाला वर्णपटाचा उत्सव करावासा वाटतो, याचा मला आनंदच आहे. अडचण एवढीच, की त्या दिवशी लॉकियर विजयदुर्गला नव्हता. भारतातही नव्हता.

ते ग्रहण पाहायला इतर पुष्कळ जण आले होते. फ्रान्सचा पिएर जान्सेन गुंटूरला होता, मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टणला, लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या, की या ज्वाळा ग्रहणाशिवायही दिसतील असं जान्सेनच्या लक्षात आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पाहूनही दाखवल्या. लॉकियर तेव्हा लंडनला युद्धखात्यात कारकून होता आणि खगोलशास्त्र हा त्याचा फावल्या वेळातला छंद. मागवलेलं उपकरण हाती यायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला, कसलंही ग्रहण नसताना, त्यालाही त्या रेषा दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी आली. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या ओळखीच्या जोडीजवळ होती खरी, पण तिच्याशी जुळत नव्हती. लॉकियरने ती नव्याच मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, मानली.

मग विजयदुर्गची कथा आली कुठून? लॉकियर तिथे खरोखरच आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्याने विजयदुर्गला तळ ठोकला, मेलपोमीन या युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेतले आणि त्याचा अहवालही प्रसिद्ध केला. साहेबाचे ओटे त्याच मुक्कामाचे असावेत, असं मानणं सरळ वाटतं. तोवर हेलियमचा शोध जुना झाला होता. विल्यम रॅम्झीने १८९५ मध्ये क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून तो वायू काढून बाटलीबंदही केला होता. लोकस्मृतीने दोन ग्रहणं एक केली, तारीख पहिल्याची घेतली आणि माणूस दुसऱ्यातला.

ही कथा चुकीची आहे म्हणून मी तिला श्रद्धा म्हणत नाही. चुका शास्त्रज्ञही करतात. पण तिचा घाट स्थळमाहात्म्याचा आहे. एक पवित्र जागा, एक तिथी, एक दूरदेशीचा सिद्धपुरुष आणि त्याला झालेला साक्षात्कार. रेषा किती सरकलेली होती, ती सोडियमची नाही हे कशावरून ठरलं, कोणी हरकत घेतली, यातलं काही तिच्यात नाही. आणि एकट्या विजयदुर्गकरांना दोष का द्या? आपल्या पाठ्यपुस्तकांतला न्यूटन सफरचंदाखाली बसलेला असतो तो असाच. बिगरशास्त्रज्ञ विज्ञानाकडे श्रद्धेने पाहतात का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘बऱ्याचदा, हो’ असंच आहे. ‘हे वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध झालंय’ असं ठणकावून सांगणारे आपण, सिद्ध कसं झालं हे विचारलं की बहुधा गप्प होतो.

मात्र इथून एकदम उडी मारून ‘म्हणजे सगळी श्रद्धाच’ असं म्हणणं हीसुद्धा लबाडी आहे. लॉकियरच्या काळात त्याच्या शब्दावर विसंबायला कुणी तयार नव्हतं. सूर्यावर आहे आणि पृथ्वीवर कुणाच्या हाती लागलेलं नाही, असं मूलद्रव्य रसायनशास्त्रज्ञ कसं मानणार? अनेकांना तो हायड्रोजनचाच काही प्रकार असावा असं वाटत होतं. ही कुरकुर सव्वीस-सत्तावीस वर्षं चालली. रॅम्झीने वायू मिळवल्यावरही त्याचा नमुना विल्यम क्रुक्सकडे गेला, रेषेची जागा मोजली गेली आणि मगच गोष्ट मिटली. लॉकियर पुढे ‘सर’ झाला, ‘नेचर’ हे नियतकालिक त्याने १८६९ पासून चालवलं होतं, तरी सूर्यात मूलद्रव्यांचे तुकडे होतात हे त्याचं आवडतं मत सहकाऱ्यांनी स्वीकारलं नाही.

आपण सामान्य माणसं हेलियमवर विश्वास ठेवतो, तेव्हा खरं तर या भांडणावर विश्वास ठेवत असतो. त्यात बाहेरचे लोक होते, प्रतिस्पर्धी होते, आणि चूक सापडली तर नाव कमवायची सगळ्यांना घाई होती. असा विश्वास उसना असतो, पण आंधळा असायलाच हवा असं नाही. लस घेताना किंवा पुलावरून गाडी नेताना आपण तो रोज ठेवतो. प्रत्येक गोष्ट स्वतः तपासायची म्हटलं तर एक आयुष्य पुरणार नाही.

हे म्हणायला सोपं आहे, म्हणून याची एक अवघड बाजूही सांगायला हवी. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा सापडली. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली; नाव ठेवलं कोरोनियम. उपकरण तेच, तर्क तोच, मंडळीही साधारण तीच. १८९५ नंतर तर कोरोनियमचं पारडं आणखी जड झालं, कारण हेलियमच्या बाबतीत हाच तर्क खरा ठरला होता. त्या वेळी पुण्यातल्या एखाद्या चौकस पदवीधराने मासिकात दोन्हींबद्दल वाचलं असतं, तर दोन्ही त्याने सारख्याच भरवशाने मानली असती, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. कोरोनियम नव्हतंच. ती रेषा लोखंडाची होती. तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. ग्रोत्रियान आणि एडलेन यांनी ते १९४० च्या आसपास दाखवलं. लॉकियर १९२० मध्ये गेला, तेव्हा कोरोनियम पुस्तकांत शाबूत होतं.

लोखंडाचे तेरा इलेक्ट्रॉन उडवायला प्रभामंडळ दहा लाख अंशांहून तप्त असावं लागतं, आणि खालचा सूर्याचा पृष्ठभाग मात्र जेमतेम साडेपाच हजार अंशांचा. हे कसं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पुढच्या भागात त्याबद्दल.