वस्तीची रचना व पायी चालणे

शहरातील माणसे पायी चालत नाहीत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि बहुधा त्यांच्या आळसालाच दोष दिला जातो. परंतु एका वस्तीत राहताना रोज मंडईपर्यंत चालत जाणारा मनुष्य दुसऱ्या वस्तीत राहावयास गेला, की भाजी आणण्यासाठीही वाहन बाहेर काढतो. मनुष्य तोच, पायही तेच. बदलते ती वस्तीची रचना.

पहिली गोष्ट अंतराची. निरोगी मनुष्य साधारणपणे ताशी ५ किलोमीटर चालतो. म्हणजे दहा मिनिटांत सुमारे ८०० मीटर. एवढ्या टप्प्यात शाळा, वाण्याचे दुकान व दवाखाना असेल, तर वाहनाची गरज क्वचितच भासते. पुण्यातील जुन्या पेठांची घडण अशीच आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड; जवळच देऊळ आणि पुढच्या आळीत शाळा. क्लॅरन्स पेरी या अमेरिकन नियोजनकाराने १९२९ मध्ये वस्तीचा एक आराखडा मांडला. त्यात शाळा मध्यभागी होती, आणि वाहनांचा मोठा रस्ता न ओलांडता मुलांना तेथे चालत जाता यावे, असा त्याचा आग्रह होता.

दुसरी गोष्ट वाटांची. नकाशावरील अंतर आणि प्रत्यक्ष चालावयाचे अंतर ही एकच नव्हेत. शाळा समोर दिसत असते. परंतु मध्ये एखाद्या वसाहतीची सलग भिंत असली, तर दोनशे मीटरांसाठी किलोमीटरभर वळसा पडतो. पेठांतील बोळ हा वळसा वाचवितात. जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, दोन चौकांमधील अंतर थोडे असावे, असे प्रतिपादन केले. दुकानदारांची व रहिवाशांची नजर रस्त्यावर असली, म्हणजे वाट सुरक्षित राहते, हेही तिने दाखवून दिले.

तिसरी गोष्ट पदपथाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी निदान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा हवी. त्या जागेत विजेचा खांब किंवा उभी दुचाकी आली, की पादचाऱ्यास रस्त्यावर उतरावे लागते.

चौथी गोष्ट सावलीची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिने दादर-माटुंगा भागात आखीव रस्ते व बागा यांसह नवी वस्ती वसविली. घरांना हवा व उजेड मिळावा, हा तिचा हेतू. परंतु तेथील वृक्षांच्या छायेमुळे भर उन्हातही चालणे सुसह्य होते.

या गोष्टींची उणीव सर्वांना सारखी जाचत नाही. ज्याच्यापाशी वाहन आहे, त्याचे काम अडत नाही. अडते ते लहान मुलांचे, वृद्धांचे आणि गरिबांचे. रस्ता ओलांडण्याची धास्ती घेतलेली आजी हळूहळू घराबाहेर पडेनाशी होते. मूलही कोणी पोहोचविल्यावाचून शाळेत जाऊ शकत नाही.

मात्र चुकलेली रचना सुधारता येते. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे, स्ट्रॉयएट हा बाजाररस्ता १९६२ मध्ये वाहनांस बंद करण्यात आला. व्यापार बसेल, अशी भीती दुकानदारांस वाटत होती; ती खोटी ठरली. पुण्यातही ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवण्यात आला होता.

मुलांनो, घरापासून शाळेपर्यंतची आपली वाट एकदा लक्षपूर्वक पाहा. वळसा कोठे पडतो, पदपथ कोठे संपतो, सावली कोठे नाही, याची टिपणे करा आणि शिक्षकांच्या साहाय्याने ती नगरपालिकेकडे पाठवा. त्या वाटेने रोज चालणाऱ्यास तिच्यातील उणिवा जितक्या ठाऊक असतात, तितक्या त्या नकाशावरून समजत नाहीत.