संसदेच्या पोटात

दिल्लीत नवं संसद भवन उभं राहिलं तेव्हा संपादक म्हणाले, "ज्यांच्याकडे बघून आपण कामकाजाचे धडे गिरवले, त्या वेस्टमिन्स्टरच्या ब्रिटिश संसदेवर लिहा." मी पुस्तकं काढली. राजाचं भाषण, रौप्य गदा, विधेयकाला नॉर्मन फ्रेंचमधून मिळणारी संमती. यावर आजवर रग्गड लिहून झालंय. माझं मन अडकलं ते तळघरातल्या मैल्यात.

थेम्सकाठची ही वास्तू इतक्या सखल जागी आहे, की तिचं सांडपाणी आपल्या पायानं शहराच्या गटारात जात नाही. ते वर चढवावं लागतं. त्यासाठी 1888 साली आयझॅक शोन यांच्या पद्धतीची यंत्रं बसवली. काम अगदी साधं. मैला उतारानं एका बंद लोखंडी भांड्यात साठतो. भांडं भरलं की आतला तरंगता भाग उचलला जातो, झडप उघडते, दाबलेली हवा आत घुसते आणि सगळा ऐवज वरच्या गटारात ढकलून देते. झडप मिटते. भांडं पुन्हा भरू लागतं.

1892 साली फिन्सबरी सेंट्रलमधून अवघ्या पाच मतांनी निवडून आलेले दादाभाई नौरोजी सभागृहात शिरले, तेव्हा ही यंत्रं चार वर्षांची होती. पुढे दोन महायुद्धं झाली, 1941 च्या बॉम्बहल्ल्यात कनिष्ठ सभागृह कॉमन्सचं दालन जळालं, ते पुन्हा बांधलं, हिंदुस्थान हातचा गेला. खाली भांडी भरत राहिली, रिकामी होत राहिली. व्हिक्टोरियाच्या काळातल्या त्या कारागिरांना हात जोडावेसे वाटतात.

पण हीच तर खोच आहे. यंत्र कुरकुरत का होईना चालतंय, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. वाड्यातल्या सामाईक मोरीसारखं: वापर सगळ्यांचा, खर्चाचं नाव निघालं की भाऊबंद गप्प. तळघरात वाफेचे, पाण्याचे, गॅसचे नळ आणि विजेच्या तारा एकमेकांच्या उरावर बसल्या आहेत. दुरुस्ती काढणाऱ्या सरकारच्या माथी खर्च आणि शिव्या, कोरडं तळघर मात्र पुढच्याला. 31 जानेवारी 2018 ला कॉमन्सनं 236 विरुद्ध 220 मतांनी ठरवलं, की मुक्काम हलवून काम करायचं. 2019 च्या एप्रिलमध्ये छतातून पाणी गळू लागलं आणि चालू बैठक थांबवावी लागली. त्याच वर्षी दुरुस्तीसाठी कायदा करून एक स्वतंत्र मंडळ नेमलं. 2022 साली तेच गुंडाळलं.

नळ-तारांच्या अशा गुंत्यात आगीची भीती आलीच, आणि या जागेला आगीचा अनुभव नवा नाही. 16 ऑक्टोबर 1834 ला हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळत होते. दुपारी सभागृह बघायला आलेल्यांना धुरामुळे भिंतीवरचे गालिचे दिसेनात. बुटांच्या तळव्यांतून फरशी तापलेली लागत होती. तरी नेहमीसारखी कुलपं लागली. रात्री संसद भरायची तो जुना राजवाडा जवळजवळ सगळा जळाला.

आता इथे आगीवर नजर ठेवणारी माणसं रात्रंदिवस गस्त घालतात. फरशी तापली तर ती त्यांना आधी कळेल. पण नळ बदलायचा हुकूम त्यांच्या हातात नाही. तो वर, मतदानाच्या घंटेची वाट बघत बसलेल्यांच्या हातात आहे.