बिनवायरचा झाडू आणि ओली फरशी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. विजेवर लेख लिहिण्याचा अधिकार माझा नव्हे, हे मान्य करूनच लेखणी हाती घेतो आहे. पण गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले, त्यानंतर या विषयाची जेवढी माहिती मिळेल तेवढी गोळा करायची असे मी ठरवले. ती वाचकांपुढे ठेवतो.

भालकी तालुक्यातले आमचे घर तसे जुने. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे. आईला दम्याचा त्रास. पौष महिन्यात तुरीची रास सुरू झाली, की भुसकटाची धूळ घरभर होते आणि शहाबादीच्या सांध्यांत जाऊन बसते. फड्याने झाडले तर ती उठते, हवेत तरंगते आणि पुन्हा तिथेच बसते. म्हणून पुण्याला नोकरीस असलेल्या अण्णाने व्हॅक्यूम क्लीनर आणला. जुनाच, वापरलेला, लांब वायरीचा. ती वायर माजघराच्या लोखंडी चौकटीवर घासून एके ठिकाणी सोलली गेली, तेव्हा बाबांनी तिथे चिकटपट्टी गुंडाळली. त्या दिवशी आईने आधी फरशी पुसली, मग यंत्र लावले आणि वायर बाजूला सारायला नेमकी त्या पट्टीवर मूठ धरली. मूठ सुटेना. मी धावलो, तो आत्या मागून ओरडली, "तिला शिवू नको, बटण बंद कर!" मी बटण बंद केले. मीही त्याच ओल्या फरशीवर अनवाणी होतो. आईला धरले असते तर आज हा लेख कोणी लिहिला असता, सांगता येत नाही.

आई बरी आहे. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला. एवढा करंट लागत असताना बोर्डावरची एम.सी.बी. का पडली नाही?

उत्तर हिशेबाचे आहे. आपल्या घरात 230 व्होल्टचा दाब असतो. ओल्या अंगाचा विरोध साधारण 1000 ओहम धरला, तर अंगातून 0.23 अँपिअर प्रवाह जातो. एम.सी.बी. असते 16 अँपिअरची. म्हणजे माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह तिच्या मर्यादेच्या सत्तराव्या भागाएवढा! तिच्या लेखी तो एखाद्या पंख्याचा भार. माणसाला मात्र 10 मिलिअँपिअरच्या पुढे मूठ उघडता येत नाही, आणि 50 ते 100 मिलिअँपिअर छातीतून गेले तर हृदयाचे ठोके विस्कटू शकतात. फ्यूज काय किंवा एम.सी.बी. काय, ती घरातल्या वायरी जळू नयेत म्हणून बसवलेली असते, माणसासाठी नव्हे. हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट. करंट "जमिनीत जातो" असे आपण म्हणतो. खरे तर त्याला परत जायचे असते ते गावातल्या टी.सी.कडे. (महाराष्ट्रातले आमचे पाहुणे तिला डी.पी. म्हणतात, वस्तू एकच.) तिथे न्यूट्रल तार जमिनीत पुरलेली असते. त्यामुळे फेज तार, माणूस, ओली फरशी, जमीन आणि पुन्हा टी.सी. असे वर्तुळ पुरे होते. त्या टी.सी.वर कवटीच्या चित्राखाली कन्नडमध्ये 'अपाय' असे लिहिलेले असते. लहानपणी, कन्नड अक्षरे नुकतीच लागू लागली होती तेव्हा, मला वाटे की आपलाच मराठी शब्द आहे, काहीतरी किरकोळ इजा होत असेल. कन्नडमध्ये त्याचा अर्थ सरळ 'धोका' आहे.

आता बिनवायरच्या यंत्राकडे वळू. धूळ ओढून घेणारे यंत्र 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ याने बनवले. ते घोडागाडीवर ठेवून रस्त्यात उभे करीत आणि खिडक्यांतून लांब नळ्या घरात सोडीत. घरात वापरता येईल असे हलके यंत्र अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँगलर याने 1907 च्या सुमारास तयार केले. तो एका दुकानात झाडलोट करी, आणि त्यालाही दमा होता. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा, असे ते साहित्य होते. 1908 साली त्याला पेटंट मिळाले. पुढे ते हूव्हर नावाच्या व्यापाऱ्याने घेतले आणि नाव हूव्हरचे झाले. (आमच्या विषयात याला ख्यातीमूल्य म्हणतात.)

बॅटरीवरचे हातात धरायचे छोटे यंत्र 1979 साली ब्लॅक अँड डेकर कंपनीने बाजारात आणले, पण त्या काळच्या बॅटऱ्या जड आणि लवकर दमणाऱ्या होत्या. खरा फरक पडला तो लिथियम-आयन बॅटरीमुळे. ती 1991 साली सोनी कंपनीने विक्रीस काढली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आजच्या अशा अनेक यंत्रांत सात सेल ओळीने जोडलेले असतात. प्रत्येकाचे 3.6 व्होल्ट, एकूण 25.2. कोरड्या हाताला हा दाब जाणवतही नाही. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे बॅटरीचे वर्तुळ बॅटरीतच पुरे होते. तिचा टी.सी.शी संबंध नाही, म्हणून तुमच्या पायाखालच्या फरशीतून जाण्याचे त्या प्रवाहाला काही कारण नाही. आईचा अपघात या यंत्रावर झालाच नसता.

मात्र जाहिरातीतली मिनिटे जपून वाचावीत. सात सेल आणि 2.5 अँपिअर-तासांची क्षमता असेल तर साठा होतो 63 वॉट-तास. यंत्र 120 वॉटवर चालवले तर अर्धा तास, आणि पूर्ण जोरात 400 वॉटवर चालवले तर साडेनऊ मिनिटे. जाहिरात अर्ध्या तासाची करतात. शहाबादीच्या सांध्यांतली धूळ निघते ती साडेनऊ मिनिटांच्या जोरावर. विजेचा खर्च नगण्य आहे. चार्ज करतानाची गळती धरूनही एका युनिटमध्ये बारा वेळा चार्ज होते. कर्नाटकात 2023 साली गृहज्योती योजना आल्यापासून आमच्यासारख्या घरांना तो हिशेबही फारसा करावा लागलेला नाही. खरा खर्च घसाऱ्याचा आहे. सुमारे 500 वेळा चार्ज केल्यावर बॅटरी उतरणीला लागते. रोज वापरली तर दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा वापरली तर पाच वर्षे. म्हणून नवी बॅटरी सुटी मिळते का, आणि केवढ्याला, हे यंत्र घेण्याआधीच विचारावे.

'हायब्रिड' या शब्दाने माझा बराच गोंधळ उडवला. दुकानदार तो दोन अर्थांनी वापरतात. एक, कोरडे झाडणे आणि ओले पुसणे दोन्ही करणारे यंत्र. दुसरे, बॅटरीवरही आणि वायर लावूनही चालणारे. दुसऱ्या प्रकारात पाहायचे ते एवढेच की दाब उतरवणारा डबा कुठे आहे. तो भिंतीवरच्या सॉकेटपाशीच असेल, तर जमिनीवर लोळणाऱ्या वायरीत कमी दाबाची वीज असते. तो यंत्राच्या पोटात असेल, तर तीच वायर पुन्हा 230 व्होल्ट घेऊन तुमच्या ओल्या फरशीवरून फिरते, आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. साध्या कोरड्या यंत्राने तर पाणी कधीच ओढू नये, कारण ओढलेली हवा मोटरीवरूनच बाहेर पडते.

बिनवायरच्या यंत्रालाही चार्जर असतोच. कलबुर्गीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. अशा वेळी लिथियमची बॅटरी गादीवर ठेवून दुपारी चार्ज करणे म्हणजे आगीला निमंत्रण. सकाळी, फरशीवर आणि मोकळ्या जागी चार्ज करावी. फुगलेली बॅटरी पुन्हा लावूच नये.

आता आमच्या घरात काय केले ते सांगतो. अण्णा नवे बिनवायरचे यंत्र पाठवणार होता. मी म्हटले, आधी ते पैसे दुसरीकडे लावू. वायरमनला बोलावून 30 मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवली. तिचे काम वाणिज्यवाल्याला चटकन समजते. फेजने जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. रोजमेळात 30 मिलिअँपिअरची तूट दिसली, की ती डोळ्याची पापणी लवते न लवते तोच वही बंद करते. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली तर मात्र तिला तूट दिसत नाही, हेही वायरमनने बजावले. मग अर्थिंगचा खड्डा उकरला. त्यातली तार गंजून तुटली होती. किती वर्षे, देव जाणे. थ्री पिन टॉपची जाड पिन तोवर शोभेचीच होती. नवी तार, कोळसा, मीठ घालून खड्डा बुजवला. उन्हाळ्यात त्यात पाणी घालण्याचे काम माझ्याकडे आहे.

या दुरुस्तीनंतर तिसऱ्याच दिवशी आर.सी.सी.बी. आपोआप पडली. शोध घेता कूलरचा पंप निघाला. त्याच कूलरमध्ये आत्या चैत्रापासून रोज हाताने पाणी भरीत होती.

यंत्र अजून यायचे आहे. आई ओल्या फडक्याने धूळ टिपते, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्टुलावर चढून आर.सी.सी.बी.चे 'टेस्ट' लिहिलेले बटण स्वतः दाबते. घरातले पंखे, दिवे एकदम बंद होतात, आत्या आतून ओरडते, आणि आई ते पुन्हा चालू करून खाली उतरते.