दूरदृश्य सभेचा प्रोग्राम व त्याची पारख

हतरू, जारिदा किंवा काटकुंभ येथील शिक्षकास भर पावसाळ्यात चिखलदऱ्याची सभा गाठावयाची म्हणजे त्याचा सबंध दिवस मोडतो व तितका वेळ वर्ग पोरका राहतो. दूरदृश्य सभेची सोय झाल्यापासून हा खोळंबा पुष्कळ कमी झाला आहे. मेळघाटाला ही सोय नवीन नाही. शेजारच्या धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ साली डिजिटल ग्राम म्हणून पुढे आले, तेव्हा दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावरून बोलण्याची व्यवस्था हा त्या योजनेचाच एक भाग होता. परंतु ज्या संगणकावर सभा ऐकावयाची, त्याच संगणकात मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी व शालार्थ वेतनप्रणालीचा परवलीचा शब्द असतो. सभेच्या नावाने भलताच प्रोग्राम आत शिरला, तर हे सर्व त्याच्या हाती लागते. म्हणून चालू असलेला प्रोग्राम अस्सल आहे की नाही हे कसे पाहावे, याचा विचार येथे केला आहे. उदाहरण ‘झूम’चे घेतले आहे, इतर प्रोग्रामांनाही बहुतांशी हीच रीत लागू पडते. (‘गूगल मीट’ संगणकावर ब्राउझरमध्येच चालत असल्यामुळे त्याची वेगळी प्रक्रिया बहुधा दिसणार नाही, एवढा भेद ध्यानी असावा.)

प्रथम ‘प्रक्रिया’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट असावा. प्रोग्राम म्हणजे कपाटातील पाठ्यपुस्तक मानले, तर प्रक्रिया म्हणजे त्या पुस्तकावरून वर्गात प्रत्यक्ष चालू असलेला तास होय. विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता ‘टास्क मॅनेजर’ उघडतो, आणि त्या क्षणी कोणकोणते तास चालू आहेत याची यादी समोर येते. तीत झूमचे नाव एकाहून अधिक वेळा दिसल्यास दचकण्याचे कारण नाही. एकच प्रोग्राम आपले काम अनेक प्रक्रियांत वाटून घेतो. पडदा इतरांस दाखविण्याचे काम झूम ‘सीपीटीहोस्ट’ नावाच्या मदतनिसाकडून करवून घेते. हे नाव अपरिचित असले तरी ते झूमच्याच कुटुंबातील आहे.

मात्र नाव हा पुरावा नव्हे. हजेरीच्या वेळी एकाच्या नावावर दुसऱ्याने ‘हजर’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे. फाइलीला कोणतेही नाव देता येते. कधी ‘ओ’ या अक्षराच्या जागी शून्य घातलेले असते, कधी दोन अक्षरांची अदलाबदल केलेली असते. विंडोजच्या स्वतःच्या ‘एसव्हीसीहोस्ट’ या प्रक्रियेचे ‘एससीव्हीहोस्ट’ असे सोंग घेतलेले प्रोग्राम फार जुन्या काळापासून आढळत आले आहेत, आणि घाईत वाचणाऱ्याची नजर अशा ठिकाणी हमखास फसते.

म्हणून नावावर न थांबता पत्ता पाहावा. यादीतील नावावर माउसची उजवी कळ दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले, म्हणजे ती फाइल ज्या फोल्डरात आहे ते फोल्डर उघडते. एकट्या वापरकर्त्यासाठी बसविलेले झूम सामान्यतः त्याच्या खात्यातील ‘ॲपडेटा’, त्यातील ‘रोमिंग’, त्यातील ‘झूम’ व त्यातील ‘बिन’ या फोल्डरात असते. सर्वांसाठी बसविले असल्यास ते ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये आढळते. डाउनलोड्स, तात्पुरत्या फाइलींचे ‘टेम्प’ फोल्डर किंवा पेनड्राइव्ह येथून झूम नावाचे काही कायमचे चालू असेल, तर ते संशयास्पद होय. पण पत्ताही निर्णायक मानू नये. ‘ॲपडेटा’त लिहिण्यास व्यवस्थापकाची परवानगी लागत नाही, म्हणून झूमला जी जागा सोयीची वाटली तीच घातक प्रोग्रामांनाही सोयीची वाटते.

खरा आधार सहीचा आहे. शाळा सोडल्याचा दाखला आपण मुख्याध्यापकाची सही व शिक्का पाहून स्वीकारतो. डिजिटल सही त्याहूनही कडक असते, कारण सही झाल्यानंतर फाइलीतील मजकुरात काही फेरफार झाला तर ती सही तपासात टिकत नाही. फाइलीवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे व त्यातील ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या भागात जावे. तेथे कंपनीचे नाव दिसले की पुष्कळजण समाधान मानतात. ते पुरेसे नाही. त्या नावावर ‘डीटेल्स’ दाबून सही ठीक असल्याचा निर्वाळा वाचावा. जुन्या आवृत्त्यांवर सही करणाऱ्याचे नाव ‘झूम व्हिडिओ कम्युनिकेशन्स’ असे आढळेल. कंपनीने २०२४ च्या अखेरीस आपल्या नावातून ‘व्हिडिओ’ हा शब्द गाळला. त्यामुळे पुढील आवृत्त्यांवर केवळ ‘झूम कम्युनिकेशन्स’ असे दिसल्यास तो बनाव समजू नये. सहीचा भागच नसेल, तर ते झूम नव्हे असे धरून चालावे.

येथे कोणी विचारील की, सही अस्सल निघाली म्हणजे काम संपले काय? दुर्दैवाने नाही, आणि याची दोन निराळी कारणे आहेत.

पहिले कारण २०२० च्या एप्रिलमध्ये दिसून आले. मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या होत्या, आणि ज्यांनी आयुष्यात कधी दूरदृश्य सभा पाहिली नव्हती ते लक्षावधी लोक झूम शोधू लागले होते. त्या वेळी ‘ट्रेंड मायक्रो’ या सुरक्षा-संस्थेस असे इन्स्टॉलर आढळले की, त्यांतून झूम तर अस्सलच बसे, पण त्याच्या जोडीने आभासी चलन खणणारा एक प्रोग्रामही गुपचूप बसे. म्हणजे झूमची सही तपासली तर ती खरीच निघणार. चोर शेजारच्या खोलीत. म्हणून इन्स्टॉलर कोठून आणला हा प्रश्न प्रक्रियेच्या तपासणीइतकाच महत्त्वाचा ठरतो. आपल्या तालुक्यात हा धोका अंमळ अधिक आहे. जालजोडणी मंद असली की प्रोग्राम परतवाड्याहून किंवा दुसऱ्या शाळेतून पेनड्राइव्हवर आणण्याचा मोह होतो. तसे करणे सर्वस्वी चूक नाही, परंतु आणलेल्या इन्स्टॉलरची सहीही बसविण्यापूर्वी वरील रीतीनेच पाहावी. वरील भेसळयुक्त इन्स्टॉलर कंपनीच्या संकेतस्थळावरून आलेले नव्हते, आणि मूळ इन्स्टॉलरमध्ये काही मिसळले की त्यावरील कंपनीची सही शाबूत राहत नाही.

अशा जोडप्रोग्रामाची चाहूल प्रोसेसरच्या भारावरूनही लागते. सभा चालू असताना चित्र व आवाज यांमुळे जुना संगणक तापतो, पंखा घरघरतो. हे स्वाभाविक आहे. कोपऱ्यातील फुली दाबून खिडकी मिटल्यावरही झूम पुष्कळदा पाठीमागे जागे राहते, हेही स्वाभाविक. पण सभा संपून तास उलटला, झूममधून पूर्णपणे बाहेर पडलो, तरी टास्क मॅनेजरमधील भार ऐंशी-नव्वद टक्क्यांवरून खाली येत नसेल, तर यादीतील कोणती प्रक्रिया तो उचलीत आहे हे पाहून तिचा पत्ता व सही तपासावी.

दुसरे कारण अधिक विचार करावयास लावणारे आहे. जुलै २०१९ मध्ये जोनाथन लाइटशू या संशोधकाने दाखवून दिले की, ॲपलच्या मॅक संगणकावर झूम आपल्यासोबत एक छोटा जालसेवक बसवीत असे. त्याच्यामुळे एखादे परके संकेतस्थळ वापरकर्त्यास न विचारता कॅमेऱ्यासह सभेत ओढू शके. आणि झूम काढून टाकले तरी हा सेवक मागे राहून त्यास पुन्हा बसवू शके. हे सर्व कोणा चोराचे नव्हे, तर खुद्द कंपनीचेच काम होते. वापरकर्त्याची एक टिचकी वाचावी म्हणून ही सोय केल्याचे समर्थन कंपनीने प्रथम केले, मग एक-दोन दिवसांतच तो सेवक काढून टाकला. ॲपलनेही स्वतंत्रपणे तो सर्व मॅक संगणकांवरून हटविला. सही ‘कोणी केले’ एवढेच सांगते. ‘काय केले’ ते सांगत नाही. या प्रकारच्या दोषावर उपाय एकच, तो म्हणजे नवी आवृत्ती वेळेवर बसविणे. मंद जालजोडणीमुळे अद्ययावत करण्याचे लांबणीवर टाकणे म्हणूनच महागात पडते.

केंद्रीय गृहमंत्रालयाने १६ एप्रिल २०२० रोजी झूम सुरक्षित नसल्याचे व शासकीय अधिकाऱ्यांनी कार्यालयीन कामासाठी ते वापरू नये असे कळविले होते. खाजगी वापर करणाऱ्यांस प्रत्येक सभेस नवा परवलीचा शब्द ठेवावा, प्रतीक्षाकक्ष वापरावा अशा सूचना त्यात होत्या. त्यांचा रोख मुख्यतः सभेत आगंतुक शिरू नये याकडे होता. सभा सुरक्षित असणे व संगणकातील प्रक्रिया सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चेत त्यांची गल्लत वारंवार होते.

एवढे करूनही शंका उरली तर ‘व्हायरसटोटल’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते. २००४ साली स्पेनमध्ये सुरू झालेली व २०१२ पासून गूगलकडे असलेली ही सेवा एकच फाइल अनेक कंपन्यांच्या विषाणुरोधकांकडून एकदम तपासून घेते. मोठी फाइल चढविण्याइतकी जोडणी नसेल, तर फाइलीचा ‘शा-२५६’ हा चौसष्ट अक्षरांचा ठसा तेवढा शोधपेटीत घालावा; हा ठसा काढणारी ‘सर्टयूटिल’ ही आज्ञा विंडोजमध्ये आधीपासूनच असते. ठसा तेथे सापडला नाही, तर फाइल निर्दोष ठरली असे मात्र नव्हे. ती यापूर्वी कोणी तपासली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तसेच या संकेतस्थळावर चढविलेली फाइल इतर अभ्यासकांच्याही हाती जाऊ शकते, म्हणून विद्यार्थ्यांच्या याद्या तेथे कदापि चढवू नयेत.

प्रक्रिया खोटी निघाल्यास प्रथम संगणकाची जालजोडणी तोडावी. शालार्थ, सरल, यू-डायस व टपालखात्याचे परवलीचे शब्द दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदलावेत. त्याच संगणकावर बदलले तर नवा शब्दही चोराच्या हाती जाईल. नंतर विषाणुरोधकाने संपूर्ण तपासणी करावी व गटशिक्षणाधिकाऱ्यांस लेखी कळवावे. पैशाची फसवणूक झाली असेल, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब दूरध्वनी करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठविता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.