समुद्रांत कुंभक नको

कर्जत-खालापूरकडील मुलें उल्हास व पाताळगंगा या नद्यांत पोहावयास शिकतात. परंतु नदींत पोहणें वेगळें आणि समुद्राच्या पोटांत उतरणें वेगळें. सुटींत मालवणास जाऊन, हवेचें नळकांडें पाठीस बांधून प्रवाळ पाहण्याचा बेत ज्या घरीं चालला असेल, तेथील वडील मंडळींस आम्ही दोन शब्द सांगूं इच्छितों.

पनवेलीस कोकण रेल्वेची गाडी धरावी, कुडाळास उतरून मोटारीनें मालवण गाठावें. पावसाळा मात्र वर्ज्य करावा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींचा समुद्र १९८७ सालीं सागरी अभयारण्य ठरला. म्हणून प्रवाळाचा तुकडाहि घरीं आणूं नये.

खरा प्रश्न श्वासाचा. संध्येंत प्राणायाम करणाऱ्या मुलास कुंभकाची सवय असते. पाण्याखालीं तीच घातक होय. १० मीटर खोलीवर एकंदर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. तेथें नळकांड्यांतून घेतलेला श्वास कोंडून वर आल्यास छातींतील हवा दुप्पट होऊं पाहते आणि फुप्फुस फाटूं शकतें. म्हणून श्वासोच्छ्वास अखंड चालूं ठेवावा व सावकाश वर यावें. हा नियम व त्याचें कारण मुलानें आपल्या शब्दांत सांगितल्याखेरीज त्यास अनुज्ञा देऊं नये.