हाडाचे श्रोते!

चला, वाचण्याआधी एक प्रयोग! तोंड मिटा, ‘म्म्म्म्’ असा सूर लावा आणि उजव्या कानात बोट घाला. काय झालं? आवाज सरकन उजवीकडे पळाला ना? बंद केला उजवा कान आणि जोरात वाजायला लागला तोही उजवाच!

गंमत अशी की हा आवाज बाहेरून आलेलाच नाही. तो आला कवटीच्या हाडांतून. एरवी कानाच्या नळीत उतरलेला हा आवाज नळीच्या उघड्या तोंडातून बाहेर निसटतो. तुम्ही दार लावलंत, तो आत अडकला. व्हॉल्यूम अप!

याचं नाव बोन कंडक्शन. आवाज ओळखणारी कॉक्लिया म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी, साधारण अडीच वेढ्यांची नळी. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोघी बसल्यात कवटीतल्या सगळ्यात टणक हाडात. हे हाड थरथरलं की आतलं पाणी हिंदकळतं आणि आपल्याला ऐकू येतं. कानाच्या पडद्यावर हवा आदळण्याची वाट कोण बघतो!

माहीत आहे का, या हाडाला डावं-उजवं फारसं कळतच नाही? हेडफोनमधून एका कानात सोडलेला आवाज दुसऱ्या बाजूच्या कॉक्लियापर्यंत जाईतो साधारण ४० डेसिबलने मंदावतो. पण तोच आवाज कंप देणाऱ्या छोट्या यंत्राने उजव्या कानामागच्या हाडावर द्या. खालच्या पट्टीतला आवाज डाव्या कानालाही जवळपास तेवढाच पोचतो. वरच्या पट्टीत दहा-पंधरा डेसिबलचा फरक पडला तर पडला. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणं हाडाला जमतच नाही. इथे दोन्ही कानांना ऐकावंच लागतं!

खालच्या सुरांना तर आख्खी कवटी एकसंध ठोकळ्यासारखी पुढे-मागे हलते. सूर चढला की मात्र तिचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या तालात थरथरू लागतात. एकाच डोक्यात जुगलबंदी!

आता याची पंचाईत कुणाला? श्रवणतज्ज्ञाला. तपासायचा असतो उजवा कान आणि बटण दाबायला लावतो डावा! चांगला कान मधेच परस्पर उत्तर देऊन मोकळा होतो. त्यावर तोडगा आहे ‘मास्किंग’. चांगल्या कानात हेडफोनमधून मुद्दाम ‘शूऽऽऽ’ असा आवाज सोडायचा, त्याला गुंतवून ठेवायचं आणि मग दुसऱ्याची परीक्षा घ्यायची. ऑडिओमेट्री करताना कानात खरखर सुरू झाली तर मशीन बिघडलंय असं समजू नका. ती खरखर तुमच्या रिपोर्टची राखणदार आहे.

जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी आपला मघाचा कान बंद करण्याचा चमत्कार १८३४ मध्येच नोंदवला होता. त्यांच्या नावाची टेस्ट आजही ईएनटी डॉक्टर करतात. नादकाटा वाजवायचा, कपाळाच्या मधोमध टेकवायचा आणि विचारायचं, ‘कुठे ऐकू येतंय?’ मळ, पाणी किंवा पडद्याच्या दोषामुळे कान बंद असेल तर आवाज बिघडलेल्या कानाकडे झुकतो. दोष आतल्या कानात किंवा नसेत असेल तर चांगल्या कानाकडे. वीज नको, बॅटरी नको. ही टेस्ट मला या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

हवेतून आलेला आवाज आणि हाडातून आलेला आवाज, कॉक्लियाला फरक कळतो का? हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी १९३२ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी एकच सूर हाडातून दिला आणि हवेतूनही दिला. मग दोघांची लय नि जोर असा जुळवला की एकाने दुसऱ्याला खोडून काढलं. दोन आवाज मिळून शांतता! म्हणजे वाटा दोन, पण आत पोचल्यावर लाट एकच. कॉक्लियावरच्या त्यांच्या संशोधनाला १९६१ मध्ये नोबेल मिळालं.

एडिसनला जवळजवळ ऐकू येत नसे. मग पठ्ठ्या फोनोग्राफच्या लाकडालाच दात रोवून ऐकायचा! ते दातांचे व्रण त्याच्या एका फोनोग्राफवर आजही आहेत. १८७९ मध्ये शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्सने तर दातांत धरून ऐकायचा पंखाच पेटंट केला. नाव ऑडिफोन. म्हणजे ‘दात दाखवणं’ तेव्हा खरोखर कामाचं होतं.

आणि आता कानामागून आला नि तिखट झाला असा हिरो! १९७७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये अँडर्स तियेलस्त्रोम आणि सहकाऱ्यांनी कानामागच्या हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र जोडलं. ज्यांचा एकच कान पूर्ण बहिरा आहे, त्यांना हे यंत्र बसवतात बहिऱ्या बाजूला. तिकडचा आवाज ते कवटीतून थेट चांगल्या कानाच्या कॉक्लियाला पोचवतं. श्रवणतज्ज्ञाला जी अडचण वाटत होती, तीच इथे सोय झाली.

स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून ‘शी, हा माझा आवाज?’ असं होतं ना? बोलताना आपल्याला हवेसोबत हाडातूनही आवाज मिळतो, त्यात खालचे सूर भरदार असतात. मोबाइलला तुमचं हाड मिळत नाही.

पोहताना पाण्याखाली कुणी टाळी वाजवली तर ती कुठून वाजली ते कळत नाही. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने धावतो, त्यामुळे दोन कानांवर पोचण्यातला फरक आणखी आकसतो. वर तो हाडातून दोन्हीकडे घुसतो. मेंदू दिशेचा पत्ता हरवतो.

धक्का हवाय? काही जणांना स्वतःची बुबुळं फिरण्याचा आवाज येतो! आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड पातळ होऊन तिथे भोक पडतं आणि शरीरातले आवाज वाढून पोचतात. अमेरिकेतल्या लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये हा आजार ओळखला आणि त्यावर शस्त्रक्रियाही होते.

सेशल्स बेटांवरच्या गार्डिनर बेडकाला तर मधला कानच नाही. जेमतेम सेंटीमीटरभर अंग, पण तोंडाच्या पोकळीतून आणि ऊतींतून तो आवाज टिपतो.

शेवटी एक काम. कान अचानक बंद झाला, विशेषतः एकाच बाजूचा, तर ‘मळ असेल’ म्हणून आठवडा काढू नका. नसेचा दोष असेल तर उपचार लवकर सुरू व्हावे लागतात. त्याच दिवशी ईएनटी डॉक्टरांकडे जा आणि हाडावरची टेस्टही करून घ्या.