श्रूजबरी गाव आणि त्याचे पडलेले चर्च

पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. इंग्लंडात श्रूजबरी म्हणून एक जुने गाव आहे. तेथे नदीने नुसती कोर नव्हे, जवळजवळ पुरे कडेच केले आहे. आमचा मुलगा बर्मिंगहॅमला असतो. त्याच्याबरोबर आम्ही रेल्वेने तेथे गेलो. वाट तासाभराची.

नदीचे नाव सेव्हर्न. ब्रिटनमधली ही सर्वांत लांब नदी, सुमारे ३५४ किलोमीटर. गाव टेकाडावर वसले आहे आणि भोवती पाणी. पूल न ओलांडता गावात शिरायला एकच अरुंद वाट. त्या वाटेवरच किल्ला बांधलेला! रेल्वेचे स्टेशनही तेथेच.

गावात शिरताच जुनी घरे दिसू लागतात. पांढऱ्या भिंती आणि त्यांवर काळ्या लाकडांच्या आडव्या-उभ्या चौकटी. आम्हाला वाटले, ही नक्षी असेल. पण नाही. घराचा सारा भार त्या लाकडांवरच असतो. आधी ओक नावाच्या टणक लाकडाचा सांगाडा उभा करायचा. मग मधल्या जागेत काटक्या विणायच्या आणि त्यांवर माती, शेण व गवताचा काला थापायचा. अहो, हा तर आपला कूडच! फक्त हे कूड चारपाचशे वर्षे टिकले आहेत. खालच्या मजल्यापेक्षा वरचा मजला थोडा पुढे आलेला असतो. गल्लीत उभे राहून वर पाहिले, तर समोरासमोरची घरे एकमेकांना डोके लावतील की काय असे वाटते. खाटीक आळीतले एक घर तर पंधराव्या शतकातले आहे.

या घरांना पैसा आला लोकरीतून. शेजारच्या वेल्स मुलुखातले लोकरी कापड येथले व्यापारी विकत घेत आणि पुढे विकत. चौकात १५९६ साली बांधलेली बाजाराची दगडी इमारत आहे. खाली धान्याचा बाजार, वर कापडाचा. त्याच चौकात क्लाइव्हचा पुतळा आहे. १७५७ साली प्लासीची लढाई जिंकणारा तोच. त्याच्यापाशी आम्ही फार वेळ थांबलो नाही.

आम्ही थांबलो ते सेंट चॅड या जुन्या चर्चच्या जागी. १७८८ साली या चर्चचे छप्पर गळत होते. गावकऱ्यांनी थॉमस टेलफर्ड यांना बोलावले. हे मेंढपाळाचे पोर. गवंडीकाम शिकून वर आलेले. पुढे ते मोठमोठे पूल बांधून नावाला चढले. त्यांनी छपराआधी भिंती पाहिल्या. बुरुजाच्या पायाला लागूनच कबरी खणल्या होत्या. त्यामुळे पाया ढिला होऊन भिंतींना भेगा गेल्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितले, आधी बुरूज सावरा, छपराचे मग पाहू.

पंचमंडळींना ते पटले नाही. भेगा तर जुन्याच आहेत, हा माणूस उगाच काम वाढवतो आहे, असे त्यांना वाटले. पुढे थोड्याच दिवसांत, ९ जुलैच्या पहाटे चारच्या सुमारास बुरूज कोसळला आणि चर्चचा मोठा भाग घेऊन खाली आला. आत कोणी नव्हते म्हणून बरे!

भेग जुनी असली म्हणजे ती थांबली असे नव्हे, बरं का. जाणते गवंडी भेगेवर आडवी सिमेंटची पातळ पट्टी लिंपतात आणि तिच्यावर तारीख लिहून ठेवतात. पट्टी तडकली की समजायचे, भिंत अजून हलते आहे.

गावाने नवे चर्च दुसऱ्या जागी बांधले. ते १७९२ साली पुरे झाले. त्याचा सभामंडप गोल आहे. माणूस आणि इतर प्राणी कसे घडत आले याचा शोध घेणारे चार्ल्स डार्विन याच गावचे. १८०९ साली त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे आपल्याकडच्या बारशासारखा विधी, या नव्या चर्चमध्येच झाला.

जुन्या चर्चचा एक कोपरा मात्र वाचला. जुन्या कबरींच्या मधोमध ते लहानसे दगडी दालन अजून उभे आहे. आम्ही त्याच्या भिंतीला एक फेरी घातली आणि मग स्टेशनाची वाट धरली.